मातीच्या वरच्या वितीतील सापसुरळ्या

मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या महामार्गावर भिवंडी मागे पडल्यानंतर लागणारे पडघा हे गाव आज गोदामे, मालवाहू ट्रकांच्या रांगा आणि चंद्रपूरहून येणाऱ्या वीजवाहिनीचे उपकेंद्र यांमुळे ओळखले जात असले, तरी त्याच्या आसपासची बरीचशी जमीन अजून उत्तर कोकणाच्या जुन्या रचनेतलीच आहे. सखल भागात भाताची खाचरे आणि त्यांच्यामधले मातीचे बांध, थोड्या उंचीवर नाचणी-वरईची वरकस जमीन, आणि त्यापलीकडे साग, ऐन, पळस, कुडा यांचे पानगळीचे रान असा हा क्रम आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जमीन हळूहळू वाळत जाते. त्यामुळे ओल टिकते ती मुख्यतः दगडाखाली, कुजणाऱ्या ओंडक्याखाली, वारुळाच्या पायथ्याशी आणि पाचोळ्याच्या तळच्या थरात. मातीच्या या वरच्या वितीभर जाडीत वाळवी, गोम, गांडूळ, वाळा आणि खापरखवल्या यांच्या जोडीला काही सडपातळ, आखूड पायांच्या सापसुरळ्याही राहतात, आणि या प्रकरणाचा विषय त्याच आहेत.

सापसुरळी म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ती बांधावर ऊन खात बसणारी, तपकिरी पाठीची, जाडजूड सापसुरळी. तिचे शास्त्रीय नाव युट्रोपिस कॅरिनाटा असे असून ती दिवसाढवळ्या वावरते, माणसाची चाहूल लागताच सळसळत झुडपात शिरते आणि ‘सापाची मावशी’ म्हणून नाहक मार खाते. तिच्यात किंवा तिच्या कुळातल्या कुठल्याही प्राण्यात विष नाही, हे येथे एकदा स्पष्ट करणे बरे. हे कुळ म्हणजे सिंसिडी. सरड्यांच्या सर्वांत मोठ्या कुळांपैकी ते एक असून जगभरात त्याच्या सतराशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. गुळगुळीत किंवा बारीक कंगोऱ्यांचे, एकमेकांवर चढलेले, चकाकणारे खवले आणि त्या खवल्यांच्या आत त्वचेत रुजलेली हाडांची पातळ पत्रे, ज्यांना अस्थिखवले म्हणता येईल, ही या कुळाची खूण होय. मातीत वावरणाऱ्या सापसुरळ्या याच कुळातल्या असल्या तरी त्यांची गाठ क्वचितच पडते. नांगरट चालू असताना, बांध फोडताना किंवा पहिल्या पावसानंतर दगड उलटताना एखादी क्षणभर दिसते आणि पाहणाऱ्याला तो वाळा होता की गोम होती हे कळण्याआधीच नाहीशी होते.

या सापसुरळ्या उंदरा-घुशीप्रमाणे बीळ खणून त्यात राहत नाहीत, तर सैल माती आणि पाचोळा यांच्यातून शरीर डावी-उजवीकडे वळवीत पुढे सरकतात. त्यांच्या शरीररचनेतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट या चालीशी जोडलेली आहे. धड लांबट आणि दंडगोलाकार असते, मान वेगळी दिसत नाही, कानाचे छिद्र लहान असते, आणि पाय इतके आखूड असतात की पुढचा पाय मागे व मागचा पाय पुढे ताणला तरी दोन्ही पायांची बोटे एकमेकांना भिडत नाहीत. जमिनीवर सावकाश चालताना हे पाय उपयोगी पडतात, पण घाई असली की ते अंगालगत दुमडून सगळे काम धडावर सोपवले जाते. कित्येक जातींच्या खालच्या पापणीत एक पारदर्शक चकती असते, त्यामुळे मातीचे कण डोळ्यात जाऊ नयेत म्हणून पापणी मिटली तरी खिडकीची काच लावून घेतल्यासारखे बाहेरचे दिसत राहते. शेपूट जाड असते, तिच्यात चरबी साठते, आणि शत्रूने धरली तर ती तुटून वळवळत राहते व प्राणी निसटतो. भारतात दूरवर पसरलेल्या रिओपा पंक्टाटा या ठिपकेवाल्या जातीच्या पिलांची शेपूट तर लालभडक असते, आणि भक्षकाचे लक्ष डोक्याऐवजी शेपटीकडे जावे हाच तिचा उपयोग असावा असे मानले जाते.

पाय आखूड होण्याची ही वाट काही सापसुरळ्यांनी शेवटपर्यंत चालून पाहिली आहे. ऑस्ट्रेलियातील लेरिस्टा या एकाच प्रजातीत, म्हणजे एकमेकींच्या निकटच्या जातींच्या एकाच गटात, पाच बोटांच्या पायांपासून पायच नसलेल्या शरीरापर्यंत सर्व पायऱ्या पाहायला मिळतात. भारतातही असे उदाहरण आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे पहिले संचालक नेल्सन अॅनंडेल यांनी १९१७ साली ओडिशातील चिल्का सरोवरातल्या बरकुडा बेटावरून एका सापसुरळीचे वर्णन केले. बार्कुडिया इन्सुलॅरिस हे तिचे नाव, आणि तिला एकही पाय नाही. मातीतल्या जीवनाने सापसुरळ्यांप्रमाणेच खापरखवल्या आणि वाळा या सापांना, तसेच आंबोली-कोयनेकडे सापडणाऱ्या देवगांडुळांना, म्हणजे पाय नसलेल्या उभयचरांना, जवळपास एकाच साच्यात आणून सोडले आहे. वेगवेगळ्या वंशांचे प्राणी सारख्या परिस्थितीत राहून सारखे दिसू लागतात, या प्रक्रियेला अभिसारी उत्क्रांती असे म्हणतात.

मातीत राहणाऱ्या सापसुरळ्यांच्या नव्या जाती इतक्या उशिरा आणि इतक्या अडखळत का ओळखल्या गेल्या, याचे उत्तरही त्यांच्या मातीतल्या राहणीतच दडलेले आहे. बोटभर लांबीचा, आखूड पायांचा आणि ओल सोडून बाहेर पडला की उन्हात तग धरू न शकणारा प्राणी आयुष्यात फार लांब जाऊ शकत नाही. दोन डोंगरांमधले कोरडे मैदान, रुंद नदीपात्र किंवा उघड्या कातळाचा पट्टा त्याला ओलांडता येत नाही. त्यामुळे एका डोंगरावरच्या आणि दुसऱ्या डोंगरावरच्या समूहांमध्ये जनुकांची देवाणघेवाण थांबते, लाखो वर्षांत दोन्हीकडे वेगवेगळे बदल साठत जातात, आणि शेवटी त्या दोन स्वतंत्र जाती होतात. पण दोन्हीकडे माती तीच, पाचोळा तोच आणि हालचालीची रीतही तीच असल्यामुळे बाहेरून दोघींचा आकार, रंग आणि खवल्यांची ठेवण जवळजवळ जशीच्या तशी राहते. जी जीवनपद्धती नव्या जाती घडवते, तीच त्या जातींना एका रूपाखाली झाकूनही ठेवते. दिसायला सारख्या पण वंशाने वेगळ्या अशा जातींना गूढजाती म्हणतात, आणि भारतातल्या मातीतल्या सापसुरळ्यांचा अभ्यास हा बऱ्याच अंशी या गूढजाती वेगळ्या काढण्याचा अभ्यास आहे. म्हणूनच ‘नवी जात सापडली’ ही वृत्तपत्रांतली नेहमीची शब्दयोजना थोडी दिशाभूल करते. तो प्राणी बहुधा शंभर वर्षांपूर्वीच कुणाच्या तरी बरणीत, दुसऱ्याच जातीच्या नावाखाली, पडून असतो.

या बरण्यांचा इतिहास एकोणिसाव्या शतकात सुरू होतो. ब्रिटिश म्युझियममधील जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३९ साली रिओपा ही प्रजाती मांडली आणि पाठीवर बारीक रेषा असलेल्या रिओपा लिनिआटाचे वर्णनही त्याच वर्षी केले. ही जात भारतीय द्वीपकल्पातच आढळते आणि महाराष्ट्रातूनही नोंदली गेली आहे. पुढे १८७९ साली बर्लिनच्या विल्हेल्म पीटर्स यांनी रिओपा ग्युंथेरी या जातीचे वर्णन करून तिला लंडनमधील सरीसृपतज्ज्ञ अल्बर्ट ग्युंथर यांचे नाव दिले. ‘द रेप्टाइल्स ऑफ ब्रिटिश इंडिया’ हा ग्युंथर यांचा ग्रंथ १८६४ सालचा आहे. सह्याद्रीच्या उत्तर भागात, ठाणे-रायगडच्या बाजूला, मातीतली सापसुरळी हाती आली की अभ्यासकाच्या मनात सर्वांत आधी येते ते हेच ग्युंथेरी नाव. माल्कम स्मिथ यांनी १९३५ साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या सरड्यांवरील खंडात तोपर्यंतची सगळी माहिती एकत्र केली, आणि पुढची कित्येक दशके भारतातल्या सरड्यांवर काम करणाऱ्याच्या टेबलावर तोच ग्रंथ उघडा असे.

स्वातंत्र्यानंतर या गटाकडे पुन्हा लक्ष दिले ते प्राणी सर्वेक्षण विभागातील आर. सी. शर्मा यांनी. त्यांनी १९६९ साली नागार्जुनसागर परिसरातून अश्वमेधी ही जात, १९७६ साली गोव्यातून गोवाएन्सिस ही जात आणि १९७७ साली पूर्व घाटातून प्रुथी ही जात वर्णिली. पुण्याचे नाव लाभलेल्या पूनाएन्सिस या सापसुरळीचे १९७० सालचे वर्णनही त्यांचेच. त्याआधी १९२६ साली कार्ल श्मिट यांनी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील आलापल्लीवरून अॅलापॅलेन्सिस या सापसुरळीला नाव दिले होते, म्हणजे महाराष्ट्रातील गावांची नावे सापसुरळ्यांच्या जगात अगदीच अनोळखी नाहीत. फक्त या शेवटच्या दोन जाती मातीत घुसून राहणाऱ्या नव्हेत. शर्मा यांचे काम हातात थोडे नमुने आणि जवळ एक भिंग अशा काळातले होते. त्या नमुन्यांवरून काढलेले काही निष्कर्ष पुढे तपासावे लागले असले, तरी द्वीपकल्पात अजून न ओळखलेल्या सापसुरळ्या आहेत हे दाखवून देण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

एखादी जात नवी आहे असे ठरवण्याची रीत त्या काळातही आजच्यासारखीच होती, फक्त पुराव्यांची संख्या वाढली आहे. प्रथम शरीराची मापे घेतली जातात. त्यात मुस्कटाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी मुख्य मानली जाते, कारण या प्राण्यांची शेपूट तुटून पुन्हा वाढलेली असू शकते आणि तिच्यासह घेतलेली लांबी फसवी ठरते. त्यानंतर धडाच्या मध्यभागी खवल्यांच्या किती रांगा आहेत, पाठीवर डोक्यामागून शेपटीच्या मुळापर्यंत किती खवले आहेत, मागच्या पायाच्या चौथ्या बोटाखाली किती पट्ट्या आहेत, डोक्यावरच्या कोणत्या ढालींच्या कडा एकमेकींना भिडतात आणि कोणत्या एकजीव झाल्या आहेत, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजले जाते. ज्या एका नमुन्यावर जातीचे नाव कायमचे टेकवले जाते त्याला होलोटाइप म्हणजे नामधारक नमुना म्हणतात. पुढे कितीही वाद झाले तरी त्या नावाचा अर्थ त्या एका शरीराशी बांधलेला राहतो, म्हणून तो नमुना सार्वजनिक संग्रहात, क्रमांकासह, कोणालाही तपासता येईल असा ठेवावा लागतो. त्याच्या सोबतीच्या नमुन्यांना पॅराटाइप म्हणतात, आणि होलोटाइप जिथून मिळाला त्या जागेला मूळस्थळ. नाव देण्याचे नियम आंतरराष्ट्रीय प्राणिनामसंहितेत आहेत आणि त्यांची कालगणना लिनियसच्या ग्रंथाच्या १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून सुरू होते.

डीएनएचा पुरावा या सगळ्यात उशिरा आला आणि त्याने कामाची पद्धतही थोडी बदलली. पूर्वी प्राणी थेट फॉर्मॅलिनमध्ये घालत. फॉर्मॅलिनने शरीर टिकते पण डीएनए खराब होतो, त्यामुळे जुन्या नमुन्यांमधून वंशाची माहिती काढणे फार कठीण जाते. आता शेपटीचा किंवा यकृताचा लहानसा तुकडा आधी शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवून मगच उरलेले शरीर फॉर्मॅलिनने घट्ट करतात आणि पुढे सौम्य अल्कोहोलमध्ये साठवतात. त्या तुकड्यातून ठरावीक जनुकांचा क्रम वाचून तो इतर नमुन्यांच्या क्रमाशी ताडून पाहिला की कोण कोणाच्या किती जवळचा, याचा वंशवृक्ष मांडता येतो. अर्थात दोन क्रमांमध्ये अमुक टक्के फरक दिसला की झाली नवी जात, असा सरधोपट हिशेब करणारे लेखही प्रसिद्ध होतात; पण खवले, मापे, प्रजननाची रीत आणि भूगोल हे सगळे एकाच दिशेने बोट दाखवीत असतील, तरच तो निष्कर्ष टिकतो.

या नव्या पद्धतीने भारतीय सापसुरळ्यांचे चित्र दहा-बारा वर्षांत पालटले. अनिरुद्ध दत्ता-रॉय, प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिले की भारतातल्या या सडपातळ सापसुरळ्यांपैकी बहुतेक भारतातच, एका पूर्वजापासून फुटत गेल्या आहेत. त्यानंतर २०१९ साली फ्रायटस आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेल्या लायगोसोमा या अवाढव्य प्रजातीची फेरमांडणी केली, रिओपा हे नाव भारताकडच्या शाखेसाठी पुन्हा उभे केले आणि सबडोलुसेप्स नावाची नवी प्रजाती वेगळी काढली. त्याच प्रजातीत २०२१ साली कोइम्बतूरजवळच्या अनैकट्टीतून निल्गिरीएन्सिस ही सुमारे सात सेंटिमीटर लांबीची नवी जात वर्णिली गेली. नीलगिरीच्या पायथ्याच्या कोरड्या पानगळी रानातली ही जात असल्यामुळे एका समजुतीला धक्का बसला. नव्या जाती दाट ओल्या अरण्यातच मिळतात असे गृहीत धरून अभ्यासक कोरड्या, सामान्य दिसणाऱ्या जमिनीकडे फारसे वळत नसत.

सर्वांत मोठी उलथापालथ मात्र २०२४ साली झाली. मुंबईच्या ठाकरे वाइल्डलाइफ फाउंडेशनशी संबंधित ईशान अगरवाल, तेजस ठाकरे आणि अक्षय खांडेकर यांनी सबडोलुसेप्समध्ये गणल्या जाणाऱ्या भारतातल्या शाखेचा नव्याने अभ्यास करून ती आग्नेय आशियातल्या सबडोलुसेप्सपासून वेगळी असल्याचे मांडले, तिच्यासाठी द्रविडोसेप्स ही प्रजाती उभी केली आणि तमिळनाडूतून एकदम पाच नव्या जातींचे वर्णन केले. गिंगी, जवाधू टेकड्या, कळक्काड आणि श्रीविल्लिपुत्तूर या ठिकाणांची नावे त्यांतल्या चार जातींना मिळाली, तर पाचवीला राज्याचेच नाव मिळाले. प्रुथी आणि निल्गिरीएन्सिस याही जाती या नव्या घरात आल्या. गिंगीचा किल्ला आणि त्याभोवतीचे खडकाळ डोंगर मराठी वाचकाला जिंजी म्हणून राजाराम महाराजांच्या काळापासून परिचित आहेत, पण त्याच खडकांच्या सावलीतल्या सापसुरळीला स्वतःचे नाव मिळायला एकविसावे शतक उजाडावे लागले. द्रविडोसेप्सचे आणखी एक वैशिष्ट्य असे की तिच्यातल्या माद्या अंडी न घालता जिवंत पिले जन्माला घालतात. पोटात पिले वाढवण्याची ही रीत सरीसृपांमध्ये अनेकदा स्वतंत्रपणे उद्भवली आहे. वाळत जाणाऱ्या मातीत अंड्यांना ओल मिळण्याची शाश्वती नसताना ती फायद्याची ठरू शकते, असा तर्क केला जातो. ठिपकेवाली रिओपा मात्र अंडी घालते, त्यामुळे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन सापसुरळ्यांपैकी एकीच्या पोटात कवचाची अंडी आणि दुसरीच्या पोटात पूर्ण वाढलेली पिले, असा मोठा फरक निघू शकतो.

नावे देण्याइतकेच अवघड काम म्हणजे नाव दिलेली जात पुन्हा शोधणे. बेडम या सैनिकी अधिकाऱ्याने १८७० साली पूर्व घाटातून सेप्सोफिस पंक्टाटस या अत्यंत लहान पायांच्या सापसुरळीचे वर्णन केले, आणि पुढची शंभराहून अधिक वर्षे तिच्याविषयी जे काही लिहिले गेले ते त्या एकाच जुन्या नमुन्यावरून. दत्ता-रॉय, वरद गिरी, ईशान अगरवाल, कारंथ आणि इतर अभ्यासकांनी २०१३ साली ती पुन्हा मिळाल्याचे जाहीर केले. ती नामशेष झालेली नव्हती. ती मातीत होती आणि तिच्या जागी, योग्य ऋतूत, कोणी खणून पाहत नव्हते इतकेच.

हे सगळे पडघ्याच्या बांधावर आणून पाहिले तर चित्र वेगळे दिसू लागते. उत्तर कोकणातला सरीसृपांचा अभ्यास बहुतांशी माथेरान, माहुलीसारखे उंच डोंगर, तानसासारखी अभयारण्ये आणि मुंबईचे राष्ट्रीय उद्यान यांच्याभोवती फिरतो, आणि त्यांच्या मधली सखल जमीन, जिथे शेत, माळ आणि रान यांची सरमिसळ आहे, ती जाता-जाता गाडीतून पाहिली जाते. वास्तविक मातीतल्या सापसुरळीला उंच कडा लागत नाही. तिला सैल माती, सावली, वाळवी आणि उन्हाळ्यातही किंचित ओल राहील असा एखादा कोपरा पुरतो, आणि भातखाचरांच्या कडेला किंवा देवराईच्या पाचोळ्यात तो मिळतो. ग्युंथेरीसारखे एकच नाव इतक्या मोठ्या पट्ट्यातल्या प्राण्यांना लावले जाते तेव्हा त्या नावाखाली खरोखर एकच वंश आहे का, हा प्रश्न तमिळनाडूतल्या अनुभवानंतर टाळता येत नाही. त्याचे उत्तर उंच डोंगरावरच्या नमुन्यांइतकेच पडघ्यासारख्या मधल्या जागांच्या नमुन्यांवर अवलंबून राहील, कारण दोन टोकांच्या समूहांमध्ये देवाणघेवाण चालू आहे की तुटली आहे, हे मधल्या जागेवरच कळते.

त्या मधल्या जागेची माती मात्र वेगाने बदलत आहे. येथे पूर्वापार राब भाजला जातो, म्हणजे रोप टाकण्याच्या तुकड्यावर पाला, काटक्या आणि शेण पसरून उन्हाळ्याच्या शेवटी ते पेटवतात. त्याने वरची थोडी माती भाजते, पण ते क्षेत्र लहान असते आणि शेजारच्या बांधात आसरा उरतो. गोदामासाठी शेतजमीन घेतली जाते तेव्हा असा आसरा उरत नाही. खाचर मुरुमाने भरून दाबले जाते, बांध सपाट होतात आणि त्यावर काँक्रीट येते. उडणारा पक्षी किंवा धावणारा ससा अशा वेळी दुसरीकडे निघून जाऊ शकतो. मातीत सरकणारी सापसुरळी भरावाखाली राहते. शिवाय नवा रुंद रस्ता हाही तिच्यासाठी नदीपात्राइतकाच अडथळा ठरू शकतो, फरक इतकाच की नद्यांनी समूह वेगळे करायला लाखो वर्षे घेतली, तर रस्त्याला एक उन्हाळा पुरतो.

पडघ्याच्या परिसरातून एखादी अनोळखी सापसुरळी अभ्यासकाच्या हाती आली, तर तिचा पुढचा प्रवास ठरलेला आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा असून २०२२ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यानुसार लागणारी परवानगी असल्याशिवाय नमुना गोळा करता येत नाही. उतीचा तुकडा अल्कोहोलमध्ये जाईल, खवले मोजले जातील, आणि ग्रे यांच्या लंडनमधल्या व शर्मा यांच्या भारतातल्या नमुन्यांशी तिची तुलना होईल. ती नवी ठरली, तर जैवविविधता कायदा २००२ च्या एकोणचाळिसाव्या कलमानुसार तिची नोंद सरकारने नेमलेल्या भांडारसंस्थेकडे करून तिचा नमुना तेथे जमा करणे शोधकर्त्यावर बंधनकारक आहे, आणि प्राणी सर्वेक्षण विभाग ही अशी एक संस्था आहे. नमुन्याच्या चिठ्ठीवर मूळस्थळ म्हणून गावाचे नाव, अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिली जाते. पुढे कोणाला त्या जातीची ताजी उती हवी असेल, तर त्याने त्याच जागी जाऊन दगड उलटायचा असतो. ती जागा तोपर्यंत गोदामाची फरशी झाली असेल, तर हातात उरतो तो बरणीतला नमुना आणि चिठ्ठीवरचे अक्षांश-रेखांश.